त्रैमासिकाची छपाई पर्यावरणाला कमी जाचक करायची, तर सुरुवात कागदापासून करावी की शाईपासून?

प्रश्न: अंकसहायक

नमस्कार. आमची संस्था लहान असून आम्ही 72 पृष्ठांचे एक त्रैमासिक आणि 132 पृष्ठांचा वार्षिक अहवाल ऑफसेटवर (धातूच्या प्लेटवरून रबरी पृष्ठभागामार्फत कागदावर छापण्याच्या पद्धतीने) छापून घेतो. प्रत्येकाच्या सुमारे हजार प्रती निघतात. त्रैमासिक 7 × 7 इंचांच्या चौकोनी आकारात, 100 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाच्या) आर्ट पेपरवर, म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर, आणि चकचकीत लॅमिनेशन (प्लॅस्टिकची पातळ फिल्म) केलेल्या मुखपृष्ठासह निघते. अहवाल मात्र नेहमीच्या 5.5 × 8.5 इंचांच्या पुस्तकी आकारात असतो.

यापुढील छपाई पर्यावरणाचा विचार करून व्हावी, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. त्यावर एका सभासदाने सोया शाईचा आग्रह धरला आहे, दुसऱ्याला पुनर्वापरित कागद हवा आहे आणि तिसऱ्याचे म्हणणे असे की छपाईच थांबवून पीडीएफ पाठवावी. यांपैकी कशाने खरोखर फरक पडतो आणि काय केवळ मागच्या पानावर शिक्का मारण्यापुरते असते, हे या व्यवसायातील जाणकारांनी कृपया सांगावे. आमचे अंदाजपत्रक मर्यादित असल्याने सर्व बदल एकदम करणे शक्य नाही.

उत्तर: मशीनविभाग

छापील वस्तूच्या पर्यावरणीय भाराचा सर्वांत मोठा वाटा बहुतेक वेळा कागद तयार होतानाच पडलेला असतो. शाई, प्लेट आणि छपाईयंत्राची वीज हे सगळे त्यानंतर येते. म्हणून शाईच्या आधी कागदाचा हिशेब मांडावा, आणि तो मांडताना ‘कोणता कागद’ यापेक्षा ‘किती कागद’ हा प्रश्न पुढे ठेवावा.

तुमच्या चौकोनी आकाराचेच पाहू. 23 × 36 इंचांचा ताव घेतला आणि कटिंगसाठी थोडी जागा सोडून प्रत्येक पृष्ठाला सव्वासात इंच धरले, तर तीन ओळींत चार अशी एका बाजूला 12 पृष्ठे बसतात. तयार अंकात तावाचा जेमतेम 71 टक्के भाग उरतो आणि बाकीचा कात्रण म्हणून निघून जातो. त्याच तावावर 5.5 × 8.5 इंचांची 16 पृष्ठे एका बाजूला बसतात व 90 टक्के कागद कामी येतो. दोन्ही बाजू धरल्या तर 72 पृष्ठांच्या चौकोनी अंकाला प्रत्येक प्रतीमागे तीन ताव लागतात, तर पुस्तकी आकारात सव्वादोन पुरतात. म्हणजे पृष्ठाचे क्षेत्रफळ पाच टक्क्यांहूनही कमी घटते आणि कागद मात्र थेट पाव हिश्शाने वाचतो. कात्रण रद्दीत जाऊन त्याचा पुन्हा लगदा होतो हे खरे. पण ते बनवताना खर्ची पडलेले पाणी आणि ऊर्जा त्यामुळे परत येत नाही. चौकोनी आकार देखणा दिसतो हे मला मान्य आहे, मात्र त्या देखणेपणाची किंमत दरपत्रकात स्वतंत्रपणे लिहिलेली नसते.

अहवालाची अडचण वेगळी आहे. 132 पृष्ठे म्हणजे 16 पृष्ठांचे आठ फॉर्म (एकत्र छापले जाणारे पृष्ठांचे संच) आणि वर चार पृष्ठे. या चार पृष्ठांसाठी वेगळ्या प्लेट लावाव्या लागतात, पुन्हा रंग जुळवावे लागतात, आणि रजिस्ट्रेशन (सगळे रंग एकमेकांवर अचूक पडणे) बसेपर्यंत जे ताव वाया जातात ते पुन्हा नव्याने वाया जातात. प्रती 50 असोत की 5,000, हा सुरुवातीचा अपव्यय जवळपास तेवढाच असतो. त्यामुळे हजार प्रतींच्या कामात तो डोळ्यांत भरतो. चार पृष्ठांचा मजकूर आटोपशीर करून अहवाल 128 पृष्ठांवर आणला, तर हा सगळा व्याप टळेल. हे काम संपादकाच्या टेबलावरच होऊ शकते, छापखान्यात फाइल आल्यावर नव्हे.

शाईविषयी दोन शब्द. सोया तेलाच्या शाईचा विकास 1970 च्या दशकातील खनिज तेलाच्या टंचाईनंतर अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या गरजेतून झाला आणि 1987 मध्ये आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथील एका दैनिकाने ती प्रथम वापरली. वनस्पती तेल वापरल्याने खनिज तेलाचा अंश कमी होतो, हा लाभ खरा आहे. परंतु डब्यावर ‘सोया’ लिहिलेले असले तरी शाईतील सगळे तेल सोयाबीनचे असतेच असे नाही, आणि रंगद्रव्ये तर बहुधा तीच असतात. शिवाय ती सावकाश वाळते. मला विचाराल, तर शाईपेक्षा ऑफसेटमध्ये प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात मिसळल्या जाणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची चौकशी आधी करावी. प्लेटवर पाणी नीट पसरावे म्हणून ते घालतात. ते हवेत उडून जाते, कामगारांच्या श्वासात जाते आणि सूर्यप्रकाशात जमिनीलगत ओझोन तयार होण्यास हातभार लावते. अल्कोहोलऐवजी वापरायची रसायने बऱ्याच वर्षांपासून उपलब्ध आहेत, मात्र त्यांच्यासाठी रोलर आणि पाण्याचा समतोल काटेकोरपणे राखावा लागतो. तुमचा मुद्रक या प्रश्नाचे उत्तर कसे देतो, यावरून त्याची मशीनवर किती पकड आहे तेही कळेल.

उत्तर: लगदा_आणि_तंतू

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. माझे काम रद्दीपासून लगदा करण्याच्या क्षेत्रातील असल्यामुळे, अंक वाचून झाल्यावर त्याचे काय होते त्या बाजूने लिहितो.

रद्दीचा लगदा झाल्यावर त्यात साबणासारखे द्रव्य घालून खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर काढून टाकले जातात. या पद्धतीत नेहमीची ऑफसेट शाई चांगली सुटते. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली क्षणात वाळणाऱ्या शाईचे मात्र कडक, मोठे कपचे राहतात आणि नव्या कागदावर काळे ठिपके म्हणून दिसतात. पाण्यावर आधारित इंकजेट शाईची अडचण नेमकी उलट आहे: तिचे कण इतके बारीक आणि पाण्यात रमणारे असतात की ते बुडबुड्यांना चिकटतच नाहीत आणि सगळा लगदा करडा होतो. कोणती शाई ‘पर्यावरणस्नेही’ आहे हे ठरवताना ही बाजू सहसा कोणी विचारात घेत नाही.

लॅमिनेशनची प्लॅस्टिक फिल्म ही आमच्या दृष्टीने सर्वांत त्रासदायक गोष्ट आहे. ती लगद्यात विरघळत नाही, चाळणीत अडकते आणि जाताना चांगले तंतूही बरोबर घेऊन जाते. सेंटर पिन बाइंडिंगच्या (मधल्या घडीवर मारलेल्या) तारा मात्र सहज वेगळ्या काढता येतात, त्यांची चिंता करू नये.

पुनर्वापरित कागदाबाबत एक सावधगिरीची सूचना करतो. कागदाचा तंतू साधारणपणे पाच ते सात फेऱ्यांनंतर इतका आखूड होतो की त्यात बळ उरत नाही, म्हणून या चक्रात नवा तंतू सतत येत राहावाच लागतो. शिवाय क्राफ्ट पद्धतीचा (लाकूड रसायनांत शिजवून लगदा करणारा) मोठा लगदा कारखाना लाकडातून निघालेले काळे द्रव जाळून आपल्या ऊर्जेचा बराचसा भाग भागवतो, तर रद्दीवर चालणारा कारखाना बाहेरच्या इंधनावर अवलंबून असू शकतो. त्यामुळे पुनर्वापरित कागदाचा कार्बनभार प्रत्येक वेळी कमीच असेल असे नाही. कारखाना कोणत्या इंधनावर चालतो यावर ते ठरते. लाकूड, पाणी आणि कचरा यांचा विचार केला तर मात्र त्याची बाजू सहसा वरचढ ठरते. तो मिळत नसेल, तर 1993 मध्ये स्थापन झालेल्या एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) या जंगलांची जबाबदारीने निगा राखण्याविषयी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राचा कागद घ्यावा. पण ‘100%’, ‘मिक्स’ आणि ‘रिसायकल्ड’ या तिच्या तीन शिक्क्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत, तेवढे पाहून घ्यावे. आणि कागद शुभ्र पांढराच हवा हा हट्ट सोडावा, कारण शुभ्रतेसाठी अधिक ब्लीचिंग करावे लागते.

उत्तर: कार्यालयीन_कामकाज

ऑफसेटच्या आधी कार्यालयातील प्रिंटरवर निघणाऱ्या मुद्रितशोधनाच्या प्रतींकडे कोणाचे लक्ष जात नाही. 80 जीएसएमच्या एका ए4 कागदाचे वजन बरोबर पाच ग्रॅम असते, म्हणजे 500 कागदांचे रिम अडीच किलोचे. प्रिंटरमध्ये दोन्ही बाजूंची छपाई हीच मूळ सेटिंग म्हणून ठेवली की निम्मा कागद कोणालाही न सांगता वाचतो.

शाई वाचवणाऱ्या फॉन्टच्या मात्र फार मागे लागू नये. 2010 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे शाखेने ईमेलसाठी एरियलऐवजी सेंच्युरी गॉथिक हा फॉन्ट स्वीकारला. त्याला शाई कमी लागते हे खरे, पण त्याची अक्षरे रुंद असल्याने मजकूर पुढच्या पानावर जाण्याचा धोका असतो. शाईचे चार थेंब वाचवून एक कागद जास्त लागला, तर तो व्यवहार तोट्याचाच.

अंकसहायक

सर्वांचे आभार. आकार बदलण्याचा प्रस्ताव मी पुढील बैठकीत मांडतो. दोन शंका उरतात. लॅमिनेशन काढले तर टपालातून जाताना मुखपृष्ठ खराब होईल का? आणि 100 ऐवजी 80 जीएसएमचा कागद घेतला तर मागची अक्षरे पुढे दिसतील का? पीडीएफच्या सूचनेवरही कोणी मत दिले तर बरे होईल.

उत्तर: मशीनविभाग

लॅमिनेशनऐवजी पाण्यावर आधारित व्हार्निश घ्यावे. ते छपाईबरोबरच मशीनवर लागते, लगेच वाळते आणि लगदा करताना अडथळा आणत नाही. त्रैमासिक तीन महिने हाताळले जाण्यास एवढे संरक्षण पुरेसे आहे; वर्षानुवर्षे ग्रंथालयात फिरणाऱ्या पुस्तकाबद्दल मी कदाचित वेगळे उत्तर दिले असते. गडद रंगाचे मुखपृष्ठ घडीवर तडकू नये म्हणून घडी घालण्यापूर्वी क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून खाच पाडणे) करून घ्यावे आणि कागदाच्या तंतूंची दिशा अंकाच्या पाठीला समांतर राहील असे पाहावे.

80 जीएसएमचा आर्ट पेपर घेतला तर मागची अक्षरे नक्कीच दिसतील. त्याच वजनाचा, थोडा पिवळसर आणि लेप नसलेला कागद घेतला तर तो जाडीला अधिक भरतो आणि अक्षरे बरीच कमी दिसतात. छायाचित्रे थोडी मवाळ उमटतील, कारण अशा कागदात शाई मुरते. त्यासाठी फाइल तयार करतानाच छायाचित्रे किंचित उजळ ठेवावी लागतील. पूर्ण अंक छापण्यापूर्वी दोन छायाचित्रांचे एक पृष्ठ त्या कागदावर छापून पाहावे.

पीडीएफ की छापील प्रत हा वाद सरसकट सुटणारा नाही, कारण पडद्यावरच्या वाचनालाही उपकरणे आणि वीज लागतेच. पण सभासदांना एक साधे पत्र पाठवून ‘छापील अंक हवा असल्यास कळवावे’ असे विचारता येईल. जो अंक पाकिटातून न उघडताच रद्दीत जातो, त्याचा कागद कितीही चांगला असला तरी काय उपयोग? प्रतींची संख्या 300 ते 400 पर्यंत खाली आली, तर मात्र ऑफसेट आणि डिजिटल छपाई अशी दोन्ही दरपत्रके मागवावीत. डिजिटलमध्ये प्लेट लागत नाहीत व सुरुवातीचे वाया जाणारे ताव जवळपास उरत नाहीत. पण यंत्र कोरड्या टोनरचे (भुकटीच्या शाईचे) आहे की इंकजेटचे, हे विचारून घ्यावे. कोरडा टोनर रद्दीतून सहसा ठीक सुटतो, आणि इंकजेटची अडचण वर लिहिलीच आहे. ऑफसेटच्या दरपत्रकात प्रत्यक्ष प्रतींसाठी किती ताव आणि वेस्टेज म्हणून किती, हे दोन आकडे वेगवेगळे लिहून मागावेत.