दहा हजार पावलं सगळ्यांनाच कशाला?

बरेच जण सांगतात की वय कितीही असो, रोज १० हजार पावलं झालीच पाहिजेत. हा आकडा रूढ झाला तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावामुळं, डॉक्टरांमुळं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला मिनिटांत आहे: मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, ५ ते १७ वयाच्या पोरांना रोज सरासरी ६० मिनिटं.

पासष्टीनंतर मात्र नुसतं चालून भागत नाही. आठवड्यातून ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम हवेत. रंकाळ्यावर नेमानं फेऱ्या मारणारे आजोबा कट्ट्यावरनं उठताना दोन्ही हात टेकतात, बघा कधीतरी. मांड्यांत जोरच नसतो. घरी खुर्चीवरनं हात न लावता उठबस करायची, ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं. (तालमीतल्या बैठकांची म्हातारपणची आवृत्तीच म्हणा की.)

गुडघे दुखत असतील तर जोतिबाच्या पायऱ्या नकोत, सपाटीवर चाला. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, अनवाणी फिरू नये. आणि चालताना छातीत दाटून आलं तर तिथंच थांबून डॉक्टर गाठायचा, ‘पित्त असंल’ म्हणत फेरी पुरी करायची नाही.