कार अँप्लिफायर: नवे मॉस्फेट घालूनही शॉर्ट जात नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडीतला चार चॅनेलचा अँप्लिफायर महिनाभर टेबलावर उघडा पडलाय. २००९ साली पहिल्या पगारातून घेतलेला. बाबांना महिन्यातून एकदा आळंदीला नेतो, तेव्हा जाता-येता भीमसेनजींचे अभंग यावरच लागतात. गेल्या वेळी नुसता टायरचा आवाज ऐकत गेलो, बाबा काही बोलले नाहीत. नवा घ्यायचा नाही, हाच चालू करायचाय.

झालं असं: मागच्या डाव्या दाराच्या बिजागरीपाशी स्पीकरची वायर घासली, तांबं उघडं पडलं आणि बॉडीला टेकलं. प्रोटेक्टचा लाल दिवा लागला. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी दोन-तीनदा बंद-चालू केला आणि ३० अँपिअरचा फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही गेला.

खोलून पाहिलं तर प्लस आणि ग्राउंडमध्ये मीटर सरळ बीप देतो. पॉवर सप्लायच्या चार आयआरएफझेड४४एन मॉस्फेटपैकी (वीज झटपट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर; पाय तीन: गेट, ड्रेन, सोर्स) एका बाजूचे दोन ड्रेन-सोर्स शॉर्ट, त्याच बाजूचा गेटचा एक १०० ओहमचा रेझिस्टर ओपन. मागच्या डाव्या चॅनेलची आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी, टीआयपी३५सी आणि ३६सी, दोन्ही शॉर्ट. ती काढून ठेवलीय.

बुधवार पेठेतून चारही मॉस्फेट नवे आणले, गेटचे चारही रेझिस्टर बदलले, मायका (मॉस्फेट आणि हीटसिंकमधले इन्सुलेटरचे पातळ तुकडे) जुनेच पुसून वापरले. थेट बॅटरीला जोडायची हिंमत नव्हती, म्हणून प्लसमध्ये ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब सिरीज लावला, शॉर्ट असला की तो पेटतो. बल्ब लख्ख पेटतो आणि तसाच राहतो. रिमोटची वायर (अँप्लिफायरला चालू व्हायचा इशारा देणारी) काढली तरी पेटलेलाच. मॉस्फेट चालवणाऱ्या टीएल४९४ आयसीच्या १२ नंबर पिनेवर, म्हणजे त्याच्या पुरवठ्यावर, जेमतेम १ व्होल्ट मिळतो. आयसीच गेला असेल का? ऑसिलोस्कोप नाही, फक्त मल्टिमीटर आहे.

प्रतिसाद

आयसीला हात लावू नका. रिमोट काढूनही बल्ब पेटतोय म्हणजे तो सुरू व्हायच्या आधीचाच शॉर्ट आहे. सगळे व्होल्ट बल्बवर पडतायत, १२ नंबरला येणार कुठून?

माझा संशय मायकावर. मॉस्फेटची पाठ म्हणजे ड्रेन, तो ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून प्लसला जातो आणि हीटसिंक बहुतेक ग्राउंडला असतो. एकाच्या मायकाला भोक असलं की झालं. मॉस्फेट दाबून धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू सोडा, बोर्ड हीटसिंकपासून उचला आणि प्लस-ग्राउंड परत मोजा. बीप गेला तर चोर सापडला. नाही गेला तर नवे मॉस्फेट एकेक काढून मोजा, नकली माल पहिल्या फटक्यात जातो.

धागाकर्ता

दादा, अगदी तेच निघालं! बोर्ड उचलताच बीप बंद. तिसऱ्या मॉस्फेटखालचा मायका उजेडात धरला तर सुईच्या टोकाएवढं भोक, आणि हीटसिंकवर नेमकं तिथे अॅल्युमिनियमचं बारीक टोक वर आलेलं. बोटाला टोचलं तेव्हा कळलं. पॉलिश पेपरने घासून काढलं, चारही मायका नवे, पातळ पेस्ट. आता रिमोट दिला की बल्ब क्षणभर चमकून विझतो आणि दोन्ही रेल (आउटपुटला लागणारे आतले पुरवठे) मिळतात, +२८ आणि -२८ व्होल्ट. रात्री अकराला बाबांना उठवून हिरवा दिवा दाखवला.

रविवारी आउटपुटची जोडी बसवतो. त्याआधी काय तपासू?

प्रतिसाद

त्या चॅनेलचे पांढरे सिमेंटचे एमिटर रेझिस्टर आणि आउटपुटच्या आधीचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर. आउटपुट शॉर्ट झाली की यातलं काहीतरी हमखास सोबत जातं. चांगल्या चॅनेलवरची रीडिंग शेजारी लिहून ठेवा आणि जुळवत जा. जोडी बसवल्यावर बल्ब सिरीजमध्येच ठेवून, स्पीकर न लावता स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडा, रेलचे व्होल्ट येत असतील तर स्पीकरची कॉइल जळेल.

आणि गाडीत बसवायच्या आधी दारातली ती वायर नवी टाका, रबराच्या बुशातून ओवून.