स्वीडनचा सर्वश्रेष्ठ बचावपटू लिडस्ट्रॉमच. साल्मिंगचा मान मोठा, पण वेगळा

लालपंखी

आमच्या डेट्रॉइटकडच्या मंडळींत परवा जेवणं झाल्यावर वाद पेटला आणि निघायची वेळ झाली तरी मिटला नाही, म्हणून इथे धागा काढतोय. एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक आइस हॉकी लीग, गाजवलेल्या स्वीडिश बचावपटूंत सगळ्यात मोठा कोण? माझं उत्तर निकलास लिडस्ट्रॉम. समोरच्यांचं बोर्ये साल्मिंग.

आइस हॉकी न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बर्फावर एका संघाचे सहा जण असतात: गोलरक्षक, तीन फॉरवर्ड आणि दोन बचावपटू. समोरून फॉरवर्ड सुसाट येत असतो आणि बचावपटूला त्याच्याकडे तोंड ठेवून, स्केट्सवर उलटं मागे सरकत त्याला अडवायचं असतं.

लिडस्ट्रॉम १९७० चा. आवेस्तात वाढला, वेस्तेरोसच्या क्लबकडून खेळला. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू संघांनी आळीपाळीने निवडायचे तो कार्यक्रम) डेट्रॉइट रेड विंग्जने त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं, म्हणजे आधी ५२ जणांची नावं पुकारून झाली होती. १९९१ ते २०१२ या काळात तो २० हंगाम खेळला, सगळे डेट्रॉइटसाठीच. १,५६४ सामने, १,१४२ गुण (गोल आणि गोलासाठी दिलेले पास मिळून), लीगच्या विजेतेपदाचे चार स्टॅनले कप (१९९७, १९९८, २००२, २००८). सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याने सात वेळा घेतली आणि शेवटची घेतली तेव्हा तो ४१ वर्षांचा झालेला होता. त्याच्या पुढे फक्त बॉबी ऑर, आठ.

पण मी आकड्यांमुळे त्याच्या प्रेमात पडलो नाही. १९९८ च्या हिवाळ्यात नोकरीसाठी इकडे आलो, तेव्हा ऑफिसातला एक जण मला रेड विंग्जच्या जो लुई अरीनात घेऊन गेला. अगदी वरच्या रांगेतली तिकिटं. मला पक, म्हणजे खेळायची ती रबरी चकती, दिसतच नव्हता. तो म्हणाला, पक सोड, दहा मिनिटं फक्त ५ नंबरकडे बघ. मी बघत बसलो. काहीच घडेना. तो कोणाला धडकत नव्हता, पडत नव्हता, जोरात धावतसुद्धा नव्हता. मग एकदा समोरचे दोघे एकट्या त्याच्यावर चालून आले. तो मागे सरकत राहिला, स्टिकचं पातं बर्फावर सपाट टेकवून त्या दोघांच्या मधोमध धरलं आणि पास बरोबर त्या पात्यावर येऊन आपटला. तिथून पक आमच्या फॉरवर्डकडे गेलासुद्धा. शेजारचा म्हणाला, याला आधीपासून माहीत होतं. त्या दिवसापासून मी हा खेळ बघतोय.

मेपलपान

लालपंखी, तुमचं जो लुईचं वर्णन फार आवडलं. तरीही मत पटलं नाही.

मी १९७६ साली लग्न होऊन टोरंटोला आले. तळघरातली दोन खोल्यांची जागा, एक जुना टीव्ही आणि हॉकीचं वेड असलेला नवरा. त्याच सप्टेंबरात पहिला कॅनडा कप झाला. मेपल लीफ गार्डन्समध्ये कॅनडा विरुद्ध स्वीडन सामना होता. साल्मिंग टोरंटोकडून खेळायचा, पण त्या दिवशी अंगात स्वीडनची पिवळी जर्सी. सामन्याआधी खेळाडूंची नावं पुकारताना त्याचं नाव आलं आणि सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. तो कॅनडाविरुद्ध खेळायला आला होता आणि कॅनडाचे लोक त्याच्यासाठी उभे होते. मला या देशात येऊन तीन महिने झाले होते, दुकानात बोलायचीही भीती वाटायची. मी ते दृश्य बघून रडले. आजही ते डोळ्यांसमोर आहे.

आता तो तिथवर कसा पोचला ते बघा. किरुनाजवळचा, आर्क्टिक वर्तुळाच्याही उत्तरेचा मुलगा. वडील सामी समाजातले (तिथल्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी), खाणीत काम करायचे. तो पाच वर्षांचा असताना ते खाणीतल्या अपघातात गेले. टोरंटोचा माणूस खेळाडू हेरायला स्वीडनला गेला होता. त्याला साल्मिंग आणि फॉरवर्ड इंगे हामारस्ट्रॉम दिसले आणि १९७३ मध्ये दोघेही टोरंटोत आले. तेव्हा अमेरिका-कॅनडात स्वीडिश खेळाडूंना 'भित्रे' म्हणून हिणवत. दुसऱ्याच सामन्यात फिलाडेल्फियात त्याची गाठ डेव्ह शुल्ट्झशी पडली, त्या काळातला सगळ्यात मारकुटा खेळाडू. साल्मिंग हटला नाही. पुढची कित्येक वर्षं त्याला काठ्या बसल्या, कोपरं बसली, शिव्या मिळाल्या. तो १६ हंगाम टोरंटोत राहिला.

लिडस्ट्रॉम १९९१ साली डेट्रॉइटला उतरला तेव्हा त्याला 'भित्रा' म्हणायची कोणाची छाती होती का? ती वाट कोणी झिजवली? शांतपणे स्टिक टेकवून खेळता आलं ते आधीच्याने अंगावर घेतलं म्हणून.

निळीरेषा

मेपलपान ताई, भावना पोचल्या. पण 'वाट झिजवली' हे अर्धंच खरं आहे. एनएचएलमध्ये उतरलेला पहिला स्वीडिश खेळाडू उल्फ स्टर्नर, न्यूयॉर्क रेंजर्स, १९६५. चारच सामने खेळला, पण पहिला तोच. आणि साल्मिंगच्या एक वर्ष आधी, १९७२ मध्ये, थॉमी बर्गमन डेट्रॉइटकडून नियमित खेळत होता. तोही स्वीडिश आणि तोही बचावपटूच. हॅलो, त्याचं नाव कोणी घेणार की नाही?

शिवाय आधी आल्याचे गुण द्यायचे असतील तर द्या, पण ते खेळाच्या खात्यात जमा करू नका. साल्मिंगच्या नावावर एकही स्टॅनले कप नाही, एकही नॉरिस नाही. १९७७ आणि १९८० मध्ये तो मतदानात दुसरा आला आणि दोन्ही वेळा लॅरी रॉबिन्सनने ट्रॉफी नेली.

मेपलपान

स्टर्नर आणि बर्गमनचं मान्य. मी 'पहिला आला' असं म्हटलंही नव्हतं. पहिला टिकला आणि पहिला तारा झाला, असं म्हणते. आपल्याकडे परदेशी गेलेल्या पहिल्या माणसाचं नाव पुष्कळदा कोणाला ठाऊक नसतं. पण ज्याच्या भरवशावर मागून वीस जणं गेली त्याचं गावभर ठाऊक असतं. हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला स्वीडिश खेळाडू साल्मिंग, १९९६ साली.

आणि रॉबिन्सनचं काढलंतच म्हणून विचारते, रॉबिन्सन कोणत्या संघात होता? माँट्रियाल, १९७६ ते १९७९ ओळीने चार कप. आमचा संघ हॅरल्ड बॅलार्ड नावाच्या मालकाच्या हातात. त्याने हामारस्ट्रॉमबद्दल जाहीरपणे म्हटलं होतं की हा खिशात सहा अंडी घेऊन कोपऱ्यात शिरला तरी एकही फुटणार नाही. आपल्याच खेळाडूबद्दल! अशा माणसाच्या संघात कप कुठून येणार? १९७८ मध्ये आम्ही आयलंडर्सना सात सामन्यांत हरवून उपांत्य फेरी गाठली, पण त्याच मालिकेत साल्मिंगच्या डोळ्याला स्टिक लागली आणि तो बाहेर गेला. पुढे माँट्रियालने आम्हाला चार सामन्यांत गुंडाळलं.

तुमच्या लिडस्ट्रॉमला आयझरमन, फेडोरोव्ह, शॅनहॅन आणि बाकावर प्रशिक्षक स्कॉटी बोमन मिळाले. साल्मिंगला काय मिळालं ते वर लिहिलंय.

लालपंखी

ताई, संघ चांगला होता हे कबूल. पण त्या चांगल्या संघात कठीण काम कोणाकडे दिलं जायचं ते बघू या.

१९९७ ची अंतिम मालिका. समोर फिलाडेल्फिया, त्यांच्याकडे एरिक लिंड्रोस. सहा फूट चार इंच, बचावपटूंना भिंतीत गाडणारा. सगळ्यांना वाटलं की बोमन त्याच्यासमोर व्लादिमीर कॉन्स्टन्टिनोव्हला उभं करणार, कारण आमच्यातला दणकट तोच. बोमनने उभं केलं लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फीला. दोघेही न धडकणारे. लिंड्रोसला धडकायला कोणी सापडेचना. तो अंगावर येईपर्यंत पक त्यांच्या स्टिकवरून पुढे गेलेला असायचा. आम्ही मालिका ४-० जिंकलो. लिंड्रोसचा पूर्ण मालिकेत एकच गोल, तोही चौथ्या सामन्याची शेवटची काही सेकंदं उरलेली असताना.

त्या मालिकेनंतर बचावपटू कसा असावा याबद्दल माझी समजूत पार बदलली. तोवर चांगला बचावपटू म्हणजे समोरच्याला उताणा पाडणारा, असंच वाटायचं. लिडस्ट्रॉमने २० हंगामांत मिळून ५१४ मिनिटं पेनल्टी घेतली. साल्मिंगची तेराशेच्या वर आहेत आणि सामने चारशेनी कमी. पेनल्टी म्हणजे दोन मिनिटं संघ एका माणसाने कमी खेळतो, हे विसरू नका.

मेपलपान

तेराशे मिनिटांपैकी किती स्वतःचा जीव वाचवताना झाली, तेही मोजा.

ओट्टावाकर

तुम्ही दोघंही मागच्या शतकात अडकलायत. (आदर ठेवून म्हणतोय.) ओट्टावाकडून गाजलेल्या एरिक कार्लसनचं नाव कोणी घेत नाहीये. तीन नॉरिस: २०१२, २०१५, २०२३. २०२२-२३ मध्ये त्याने १०१ गुण केले. एका हंगामात शंभरी गाठणारा बचावपटू १९९२ च्या ब्रायन लीचनंतर थेट हाच. तेही सॅन होजेसारख्या तळातल्या संघात. २०१३ मध्ये दुसऱ्याच्या स्केटच्या पात्याने त्याची टाचेची शीर कापली होती, तरी तो परत आला. २०१७ मध्ये टाचेचं हाड तडकलेलं असताना त्याने ओट्टावाला कॉन्फरन्स फायनलच्या (अंतिम मालिकेच्या आधीच्या फेरीच्या) सातव्या सामन्याच्या दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत नेलं. मी तो सामना उभ्याने पाहिला.

निळीरेषा

कार्लसन पकसोबत अद्भुत आहे. स्वतःच्या गोलसमोर तो लिडस्ट्रॉमच्या जवळपासही नाही. व्हिक्टर हेडमनला घ्या हवं तर, एक नॉरिस, दोन कप, २०२० ची कॉन स्माइथ ट्रॉफी (प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची). तो लिडस्ट्रॉमच्या वाटेवरचा आहे.

वेस्तेरोसहून

नमस्कार, मी इथे फक्त वाचत असतो, पण माझ्या गावाचं नाव आलं म्हणून लिहितो. आठ वर्षांपूर्वी कंपनीने वेस्तेरोसला पाठवलं. इथे आपली बरीच भारतीय मंडळी आहेत, बहुतेक वीज-उपकरणांच्या कामात.

मुलगी सहा वर्षांची झाल्यावर तिला स्केटिंगला घातलं. शनिवारी सकाळी आठ वाजता रिंकवर हाडं गोठतात, बाकी पालक थर्मासमधली कॉफी पीत उभे असतात. तिच्या प्रशिक्षकाचं एकच पालुपद असतं: स्टिक बर्फावर. स्टिक हवेत गेली की तो शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवतो. लालपंखींनी जे पातं सपाट टेकवलेलं पाहिलं ना, ते मी दर शनिवारी पाहतो, गुडघ्याएवढ्या पोरांत. लिडस्ट्रॉम निवृत्त झाल्यावर याच गावात परत आला. मुलांच्या हॉकीत इथे त्याचं नाव फार सहज येतं, घरातल्या माणसासारखं.

पण एक गोष्ट मला इथे येऊन कळली. माझ्या कामावरचा एक वयस्कर सहकारी उत्तरेकडचा आहे, नॉरबॉटनचा. त्याला हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, लिडस्ट्रॉमसारखं खेळायला आम्ही पोरांना शिकवतो, पण आमच्या लहानपणी गल्लीत खेळताना प्रत्येकाला साल्मिंगच व्हायचं असायचं. त्यावरून भांडणं व्हायची म्हणे. सामी माणसाला तेव्हा दक्षिणेत कमी लेखायचे, हेही त्याने सांगितलं, थोडं थांबून. तेव्हा 'साल्मिंगचा मान वेगळा' असं लालपंखी म्हणतात त्यात हे सगळं धरलंय का?

लालपंखी

नाही धरलं, खरं सांगतो. मी कॅनडातला राग धरला होता, स्वीडनमधला नाही.

तुमचं वाचून एक गोष्ट आठवली, ती सांगायला हवी, माझ्या बाजूची नसली तरी. टोरंटो सोडल्यावर साल्मिंग एनएचएलमधला शेवटचा हंगाम कुठे खेळला? डेट्रॉइटमध्ये, १९८९-९०. ज्या उन्हाळ्यात रेड विंग्जने साल्मिंगला घेतलं, त्याच उन्हाळ्यात त्यांनी लिडस्ट्रॉमला ड्राफ्ट केलं. एक ३८ चा, दुसरा १९ चा. डेट्रॉइटमध्ये ते एकत्र खेळले नाहीत, लिडस्ट्रॉम आला तोवर साल्मिंग स्वीडनला परतला होता. पण १९९१ च्या कॅनडा कपला स्वीडनच्या संघात दोघेही होते. साल्मिंग तेव्हा चाळिशीत.

तरी माझं मत तेच. २००६ च्या तुरीन ऑलिंपिकचा अंतिम सामना, स्वीडन-फिनलंड २-२. तिसरा पिरियड सुरू होऊन दहा सेकंद झाली आणि लिडस्ट्रॉमने ब्लू लाइनवरून मारलेला पक जाळ्यात. त्या गोलावर सुवर्ण. जगज्जेतेपद, ऑलिंपिक सुवर्ण, स्टॅनले कप, तिन्ही त्याच्याकडे आहेत. २००८ मध्ये कर्णधार म्हणून कप उचलणारा युरोपात घडलेला पहिला खेळाडूही तोच.

मेपलपान

१९८९ चा योगायोग मला माहीत नव्हता. धन्यवाद.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी मुलाबरोबर टोरंटोच्या अरीनात गेले होते. साल्मिंगला एएलएस झाला होता, हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार. बोलणं गेलेलं, हात उचलत नव्हता. तरी स्वीडनहून आला होता. डॅरिल सिटलर, त्याचा त्या काळचा कर्णधार, शेजारी उभा होता. लोक टाळ्या वाजवायला लागले. ४६ वर्षांपूर्वी टीव्हीवर ऐकल्या तशाच, थांबेचनात. साल्मिंगला हात हलवून उत्तर द्यायचं होतं. सिटलरने त्याचा हात धरून वर उचलला. दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला टोरंटोने सुरुवातीला उतरवलेले सहाच्या सहा खेळाडू स्वीडिश होते. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तो गेला.

लालपंखी, तुमचे चार कप आणि सात ट्रॉफ्या खऱ्या आहेत, मी त्या नाकारत नाही. पण 'सर्वात मोठा' ठरवताना माझ्या मनात ते सहा जण येतात.

निळीरेषा

ताई, यावर मी वाद घालणार नाही.

मात्र १९७७ च्या नॉरिसवरून साल्मिंगला कमी लेखलं, ते मागे घेतो. पुन्हा बघितलं, त्या वर्षी साल्मिंग पहिल्या ऑल-स्टार संघात (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मतदानाने ठरणाऱ्या यादीत) होता, रॉबिन्सनच्या जोडीला. म्हणजे मतं देणाऱ्यांच्या लेखी त्या हंगामातले दोन सर्वोत्तम बचावपटू हेच, एक माँट्रियालमध्ये आणि दुसरा बॅलार्डच्या टोरंटोत. संघांची अदलाबदल केली असती तर ट्रॉफी कोणाकडे गेली असती? यावर कोणीतरी वेगळा धागा काढा, मी येतो.