आरओचं पाणी साठवताना तांब्याचा हंडा नको

माशांच्या टाकीसाठी आरओचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी झाकून ठेवलं की कुठल्याही भांड्यात महिनाभर टिकतं, असं काही जण म्हणतात. झाकण्याचं अगदी खरं, नाहीतर आठवडाभरात डासांच्या अळ्या वळवळायला लागतात. पण ‘कुठल्याही भांड्यात’ हे मान्य नाही. आमचं घर रत्नागिरीत खाडीलगत. वैशाखात विहिरीचं पाणी मचूळ होतं, म्हणून माशांच्या टाकीला आरओचं पाणी. गेल्या मे महिन्यात ते आजीच्या तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलं. चार दिवसांनी हंडाभर पाणी टाकीत घातलं आणि सकाळपर्यंत लाल चेरी झिंगे एकेक करून आडवे झालेले. मासे वाचले. हंड्यात पाण्याच्या रेषेवर हिरवट कडं धरलं होतं.

आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की ते आम्लधर्मी होतं आणि तांबं ओढून घेतं. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 2 मिलीग्रॅम तांबं चालवून घेते; झिंग्यांना त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही इजा होते. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र) भरवसा ठेवू नका, इतक्याशा तांब्याने त्याचा आकडा जेमतेम हलतो. पितळेची कळशी, पितळी तोटी यांचंही तेच.

आता खाण्याच्या दर्जाचा प्लास्टिकचा पिंप पडवीत सावलीला ठेवलाय, तोटीसुद्धा प्लास्टिकची. पाणी टाकीत घालायच्या आदल्या रात्री त्यात क्षार मिसळतो आणि सकाळपर्यंत हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा) चालू ठेवतो.