मदत हवी आहे: शाळा चालू असताना मुलाला नोकरी करू द्यावी का?

नमस्कार मंडळी,

मुलगा 16 वर्षांचा, अजून शाळेत. ओळखीच्या एका पुस्तकांच्या दुकानात रोज संध्याकाळी काम करायचं म्हणतोय. घरात पैशांची नड नाही, हे आधीच सांगते. (नड असते तिथे हा प्रश्न इतक्या निवांतपणे विचारताही येत नाही, कल्पना आहे.)

नवऱ्याचं म्हणणं, कमवायला अख्खं आयुष्य पडलंय, आत्ता अभ्यास कर. सासूबाई म्हणतात, जाऊ दे, चार माणसांत वावरायला शिकेल. मी अधेमधे, पण हल्ली सासूबाईंकडे झुकलेली. कारण सुट्टीत तो तिथे मदतीला जायचा तेव्हा एकदा डोकावले होते. घरात स्वतःचं ताट न उचलणारा हा प्राणी एका आजोबांना तीन शब्दकोश काढून दाखवत होता, छपाई कुठल्यात मोठी आहे ते समजावत होता. आवाजही घरातला नव्हता!

थोडं वाचलंही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1973 च्या करारात कामाचं किमान वय साधारण 15 धरलंय, आणि शाळेच्या आड न येणारं हलकं काम 13 पासून चालतं. अभ्यासकांच्या लिखाणात आठवड्याला 20 तासांचा आकडा सारखा भेटतो, त्यापुढे गेलं की मार्कांना फटका बसलेला दिसतो म्हणे. पण मुळात ज्यांचं शाळेत मन रमत नाही तीच मुलं जास्त तास काम पत्करत असतील, तर दोष कामाला कसा द्यायचा?

मला धास्ती आहे ती झोपेची. या वयात 8 ते 10 तास झोप हवी, आणि वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे लवकर आडवं पडूनही डोळा लागत नाही. त्यात दुकान बंद झालं म्हणजे काम संपलं असं नाही. शटर ओढल्यावर गल्ल्याचा हिशेब, आलेला माल लावणं. मग घरी येऊन जेवण, मग गृहपाठ, आणि सकाळी पुन्हा शाळा. मालक माणूस चांगला आहे, पण "आज जरा थांबतोस का?" असं चांगल्या माणसाने विचारलं की या वयाच्या मुलाला नाही म्हणता येत नाही. सुट्टीत हे अनेकदा झालं.

तर ज्यांच्या मुलांनी शाळा सांभाळून काम केलंय त्यांना विचारायचंय: वेळेचं बोलणं मालकाशी तुम्ही केलंत की मुलानेच? मी गेले तर त्याला लाज वाटणार, नाही गेले तर तास वाढत जाणार. फक्त शनिवार-रविवार असं ठरवलं तर ते टिकतं का? परीक्षेच्या आधीची सुट्टी सुरुवातीलाच कबूल करून घेता येते का? आणि पगार त्याच्या हातात द्यायचा की खात्यात?

"कॉलेजात गेल्यावर बघू" एवढंच लिहिणार असाल तर कृपया नको. ते घरात रोज ऐकतेय.