फुलांचे जवळून फोटो: कसे शिकलात, काय जमलं?

रानजाई:
नागपुरात काटोल रोडला पळस फुललाय. काल भाचीनं त्याच्या एकाच फुलाचा फोटो पाठवला, पाकळीवरची लव दिसेल इतका जवळून, आणि मला एकदम बाबांचा अल्बम आठवला. त्यांचा कॅमेरा फिक्स फोकसचा, मीटरभराच्या अलीकडचं त्याला स्पष्ट दिसतच नसे. बाबांना मात्र पळसाची ती काळसर मखमली टोपी आणि तिच्यातून निघालेली केशरी चोचच हवी असायची. दर शिमग्याला रोलमधले काही फोटो पळसासाठी राखलेले. धुऊन आले की त्यात नुसते केशरी ढग. तरी ते अल्बममध्ये लावायचे, खाली तारीख घालून.
आता माझ्याकडे बरा फोन आहे, भाऊजींनी दिलेला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, पण आहे. जवळून फुलं टिपायला नुकतीच लागलेय. तुम्ही कसे शिकलात ते लिहा. नागपूरकरांनी जागाही सांगा.

धरमपेठकर:
तारीख घालून लावायचे हे वाचून गलबललं ताई. ते फोटो जपून ठेवा.
फोनचं सांगतो. फुलाला फार चिकटू नका. नेहमीच्या लेन्सला वीतभर तरी अंतर लागतं, त्याहून जवळ गेलात की ती फूल सोडून मागची भिंत पकडते. मागं सरका आणि दोन एक्स झूम करा. मॅक्रोचं बटण बऱ्याच फोनांत वाइड लेन्सवर नेतं. मग फुलाला इतकं खेटावं लागतं की फोनचीच सावली पडते, आणि मागचा सगळा पसारा फोटोत येतो.

गच्चीवरची बाग:
+१ सावलीबद्दल
माझ्याकडे लाल जास्वंद खूप. फोटोत नुसता लाल डाग यायचा, शिरा गायब. स्क्रीनवर फुलावर बोट दाबून धरायचं म्हणजे फोकस लॉक होतो, मग ते सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढायचं. शिरा परत येतात. पांढऱ्या तगरीला बरोबर उलटं, चिन्ह वर न्यायचं, नाहीतर ती राखाडी दिसते. कॅमेऱ्याला सगळं मधल्या उजेडाचं करायची सवय असते म्हणून असं होतं.
कुकर झाला, येते परत

वर्धा रोडवाला:
आपल्या इकडे खरं दुखणं उन्हाचं आहे बाप्पा. मार्च लागला की नऊनंतर फोटो काढूच नका, अर्धी पाकळी पांढरी फटक अन् अर्धी काळी. मी जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा ठेवला आहे गाडीत. फूल अन् सूर्याच्या मधात धरायचा, उजेड एकदम मऊ होते. आमची मिसेस धरून उभी राहते. म्हणते, फुलाला सावली करून राहिले, माझ्या डोक्यावर कोण धरन?

गच्चीवरची बाग:
वहिनींना आधी टोपी घेऊन द्या भाऊ 😄

वर्धा रोडवाला:
घेतली नं! बर्डीच्या बाजारातून. तीच आता कॅमेऱ्यावर झाकून ठेवते.

संत्र्याचा मळा:
आमची संत्र्याची झाडं नरखेडकडे. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना येणारी, फुलं येतात तेव्हा मी शेतात असतोच, फोटोचा नाद तिथूनच लागला. फूल छोटं, पाच जाड पांढऱ्या पाकळ्या, मेण लावल्यासारख्या, मधात पिवळे पुंकेसर. पहिले एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडून, काढायचो, मागचं सगळं मस्त विरघळायचं, पण पुंकेसर धारदार आले की पाकळी गेलीच. जवळ गेल्यावर स्पष्ट पट्टा मिलिमीटरात मोजायचा असतो. आता एफ/८ किंवा ११, आकडा वाढला की भोक लहान. सोळाच्या पुढे नेत नाही, सगळाच फोटो थोडा मऊ पडतो.
ऑटोफोकस बंद. लेन्सची रिंग एका जागी ठेवतो अन् आपणच श्वास रोखून किंचित पुढंमागं डोलतो. पुंकेसराचं टोक चमकलं की दाबायचं. सलग काढायचे, एखादा लागतोच. मधमाशी आली तर देवच पावला.

काटोलचा पाहुणा:
दादा यंदा बहार कसा आहे? आमच्या काकांकडं ताण (फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी तोडतात तो) नीट बसला नाही म्हणतात.

संत्र्याचा मळा:
बरा आहे. डिसेंबरात पाणी तोडलं होतं वेळेवर. आता गळ सांभाळायची. काकांची जमीन भारी आहे का? काळ्या मातीत ओल लवकर हटत नाही, ताण बसायला वेळ लागते.

काटोलचा पाहुणा:
भारीच आहे. सांगतो त्यांना.

सकाळची फेरी:
मी सेमिनरी हिल्सला जाते रोज. उन्हाळ्यात फार काही नाही, पण पावसाळ्यात जरूर या. ढगाळ उजेडासारखा उजेड नाही, कुठलं कापड धरायला नको. मागच्या श्रावणात कुंपणावर चढलेली कळलावी मिळाली. पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, कडा लाटांसारख्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल. त्याच वेलावर नुकतं उमललेलं फूल हिरवट पिवळं, जुनं झालेलं पूर्ण लाल. तिन्ही एका चौकटीत बसवायला गुडघे चिखलात टेकले. वरून काढलं असतं तर मागं गवत आलं असतं, फुलाच्या उंचीला बसल्यावर मागची झाडी लांब गेली आणि सपाट हिरवी झाली. माझ्या मते लेन्सपेक्षा हे गुडघे टेकणं जास्त कामाचं.
आणि हो, कळलावी विषारी असते, कंद तर फारच. लहान मुलं बरोबर असतील तर हात लावू देऊ नका. कुठलंच फूल फोटोसाठी तोडू नका, ही विनंती.

गच्चीवरची बाग:
आले परत. तोडू नका ला शंभर टक्के अनुमोदन. पारिजातक मात्र आपणहून खाली येतो, शिकायला त्याच्यासारखं फूल नाही. चपटं असतं, कॅमेरा बरोबर समांतर धरला की सगळ्या पाकळ्या एकदम धारदार. जरा तिरका केलात की एक कड गेली.

रानजाई:
किती दिलंत सगळ्यांनी! आज सकाळी वीतभर अंतर ठेवून सदाफुली काढली, मधला बारीक डोळा पहिल्यांदा स्वच्छ आला. मला बहावा काढायचाय, त्याचे घोस वाऱ्यावर सारखे हलतात. काय करता?

सकाळची फेरी:
एप्रिल-मे मध्ये सहाच्या आसपास जा, तेव्हा वारा पडलेला असतो. सिव्हिल लाइन्सला आहेत झाडं. पूर्ण घोस नको, खालच्या टोकाच्या कळ्या आणि एखादं उघडलेलं फूल एवढंच घ्या.

संत्र्याचा मळा:
शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची सेटिंग) वाढला तर वाढू द्या. ताई, माझ्याकडे एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे जवळून काढायला कॅमेरा अन् लेन्सच्या मधात लावायच्या नळ्या, पडून आहेत, पुढच्या आठवड्यात नागपूरला येतोय. तुमचा कॅमेरा कॅनन का?

रानजाई:
निकॉन 😔

संत्र्याचा मळा:
मग नाही बसणार. क्लोजअप फिल्टर आणतो, ते भिंगच असते, लेन्सच्या पुढून फिरवून लावायचं, कंपनीचा प्रश्न नाही. लेन्सच्या टोपणाच्या आतल्या बाजूला आकडा असतो, ५२ किंवा ५५, तो बघून कळवा.

रानजाई:
५२ आहे!

संत्र्याचा मळा:
जमलं. ५२ चाच आहे माझ्याकडे.