२०२३ नंतरचे सोल आणि जाझ अल्बम: सुरुवात कुठून करावी?

षड्जपंचम
नीना सिमोन, बिल विदर्स, मार्व्हिन गे आणि माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हे सगळं पाठ आहे. अलीकडचं काय ऐकावं? तयार प्लेलिस्ट लावली की सगळं एकाच चवीचं लागतं. मन लावून ऐकण्याजोगे पाच-सहा अल्बम सुचवा, कोणता आधी ऐकावा तेही सांगा. साधन: मोबाइल आणि तळहातावर मावणारा ब्लूटूथ स्पीकर. त्यावर बेस नुसता घुमतो, सूर कळत नाहीत. दोष रेकॉर्डिंगचा की साधनाचा?

वॉकिंगबेस
मार्व्हिन गे आवडत असेल तर मायकेल किवानुकाचा 'स्मॉल चेंजेस' (नोव्हेंबर २०२४) आधी घ्या. निर्माते डेंजर माउस आणि इन्फ्लो. २०२० चं मर्क्युरी पारितोषिक (ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमला मिळणारं) मिळवणाऱ्या 'किवानुका'मागेही हेच दोघे होते. त्या अल्बमचा भरगच्च वाद्यमेळ इथे उतरवलाय. बेस, ड्रम, गिटार, मागे हलकी तंतुवाद्यं आणि भरपूर मोकळी जागा. 'लोडाउन'चे दोन भाग सलगच ऐका.

इन्फ्लोचंच काम पुढे ऐकायचं तर क्लिओ सोल. सप्टेंबर २०२३ मध्ये तिचे 'हेवन' आणि 'गोल्ड' दोन आठवड्यांच्या अंतराने आले. हळू गाते, आवाज कधी चढवत नाही. म्हणूनच प्लेलिस्टमध्ये तिची गाणी विरून जातात आणि अख्खा अल्बम लावला की उमलतात.

जाझकडे जायला एझ्रा कलेक्टिव्हचा 'डान्स, नो वन्स वॉचिंग' (२०२४). मर्क्युरी जिंकणारा हा पहिला जाझ संच, तोही आधीच्या अल्बमसाठी, २०२३ मध्ये. ड्रमर फेमी कोलेओसो नायजेरियाच्या अफ्रोबीट संगीताचा आद्य ड्रमर टोनी अॅलनकडे शिकलेला, त्यामुळे अफ्रोबीटचा ठेका अस्सल आहे. नाचाची एक रात्र सुरुवातीपासून शेवटापर्यंत, अशी अल्बमची रचना आहे. शफल चालू असेल तर अर्थच जातो.

डेसिबल
दोष साधनाचा. बेसची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्‌झची. एवढ्याशा स्पीकरला तिथवर पोचताच येत नाही, म्हणून बहुतेक कंपन्या १०० हर्ट्‌झच्या आसपासचा भाग फुगवतात. मग कुठलाही सूर वाजला तरी घुमतो तोच पट्टा. हे करून बघा:

- स्पीकर कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटून ठेवू नका. दीड-दोन फूट पुढे घ्या.
- इक्वलायझरमध्ये बेस वाढवू नका. उलट १०० ते १५० हर्ट्‌झच्या पट्ट्या ३ डेसिबल खाली आणा.
- क्रॉसफेड शून्य. नाहीतर एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो.
- स्पॉटिफायवर व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय) 'लाउड'वर असेल तर 'नॉर्मल' करा. 'लाउड'मध्ये लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारी यंत्रणा) लागतो आणि ड्रमचा ठोका बोथट होतो.

खरा उपाय मात्र वायरचे इअरफोन. रबरी टोपण कानात घट्ट बसायला हवं, फट राहिली की पहिला बेसच जातो. पातळ वाटलं तर इअरफोन बदलण्याआधी एक माप मोठं टोपण लावून बघा.

मंद्रसप्तक
@वॉकिंगबेस, एझ्राबद्दल सहमत, पण 'काइंड ऑफ ब्लू' पाठ असलेल्याला मी आधी समारा जॉयचा 'पोर्ट्रेट' (२०२४) देईन. न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत ध्वनिमुद्रित. ट्रम्पेट, ट्रोम्बोन, आल्टो आणि टेनर सॅक्सोफोन, पियानो, बेस, ड्रम आणि आठवी ती स्वतः. आवाज पुढे आणि वाद्यं साथीला, असं इथे नाही; तिचा आवाज त्या चार सुषिरवाद्यांबरोबर पाचव्यासारखा चालतो. जाझ बेसवादक चार्ल्स मिंगसच्या 'रिइन्कार्नेशन ऑफ अ लव्हबर्ड'ला तिने शब्द दिलेत. सुरुवात साथीशिवाय, नुसत्या गळ्यावर. ख्यालातला आलाप ऐकायची सवय असेल तर ही काही मिनिटं पुन्हा पुन्हा ऐकाल.

त्याच स्टुडिओत शबाका हचिंग्जचा 'पर्सीव्ह इट्स ब्यूटी, अॅकनॉलेज इट्स ग्रेस' (२०२४) झाला. सॅक्सोफोन बाजूला ठेवून त्याने इथे मुख्यतः बासऱ्या आणि शाकुहाची (बांबूची जपानी बासरी) घेतली. वादक एकाच खोलीत, हेडफोनशिवाय, मध्ये पडदे न लावता बसले. त्यामुळे फुंकेचा श्वास आणि खोलीची शांतता दोन्ही ऐकू येतात. रात्री, पंखा बंद करून ऐका.

नुबाया गार्सियाच्या 'ओडिसी'त (२०२४) तिचा टेनर सॅक्सोफोन आणि चिनेके ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं. मिशेल एन्डेगेओसेलोचा 'नो मोअर वॉटर' सर्वांत शेवटी ठेवा: २ ऑगस्ट २०२४ ला, अमेरिकी लेखक जेम्स बाल्डविनच्या जन्मशताब्दीच्या दिवशी आलेला, थोर अल्बम. त्यात बोललेला मजकूर भरपूर आहे. शब्दांकडे कान नसेल तर लांबण लागेल.

षड्जपंचम
शफल आणि क्रॉसफेड, दोन्ही चालू होते, बंद केले. 'पोर्ट्रेट'पासून सुरू करतो. विकत घ्यायचे असतील तर?

वॉकिंगबेस
बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट संगीत विकत घेण्याच्या संकेतस्थळावर असेल तर तिथून फ्लॅक (दर्जा न घटवलेली) फाइल घ्या. डिजिटल विक्रीत बँडकॅम्पचा वाटा साधारण १५ टक्के असतो, आणि 'बँडकॅम्प फ्रायडे'ला तोही ते सोडतात. तारखा आधी जाहीर होतात, तोवर यादी करून ठेवा. फक्त ब्लूटूथवर ऐकणार असाल तर २४ बिटच्या (जास्त तपशिलाच्या) फाइलसाठी जास्त पैसे देऊ नका. ब्लूटूथ ती फाइल बहुतेक वेळा दाबूनच पाठवतं.